फेरफाराचा आराखडा आणि पत्त्याचा रकाना

पेण, उरण व पनवेल या तीन तालुक्यांतील १२४ गावांसाठी २०२४ मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची नवनगर प्राधिकरण म्हणून नियुक्ती झाली आणि खाडीकाठच्या खारजमिनींचे सातबारे पुन्हा एकदा कपाटांतून बाहेर निघाले. सप्टेंबर २००८ मध्ये ‘सेझ’वर मतदान केलेल्या पेणच्या शेतकऱ्याला त्या कागदाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. फरक एवढाच, की हा कागद आता संगणकाच्या आज्ञावलीतून निघतो.

महसूल खात्याच्या कामाची रीत कायद्यातच पायरीपायरीने आखलेली आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५४ नुसार दुय्यम निबंधकाने दस्ताची वर्दी द्यायची. कलम १५० नुसार तलाठ्याने नमुना ६ मध्ये नोंद घेऊन हितसंबंधितांना नोटीस द्यायची. हरकतीसाठी पंधरा दिवस थांबायचे. मग मंडल अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करायची. ई-फेरफार प्रणालीने हीच साखळी उचलली. दस्त नोंदला की वर्दी आपोआप तलाठ्याकडे पोहोचते, आणि नोंद प्रमाणित झाली की सातबारा बदलतो. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उताराही घरबसल्या मिळू लागला. हेलपाटे वाचले, हे निर्विवाद.

अडचण आहे ती मधल्या पायरीत. ‘हितसंबंधितांना कळवावे’ असे कायदा म्हणतो. पण सातबाऱ्यावर खातेदाराचे नाव असते, पत्ता नसतो. पेण-रोह्याकडे तर ही उणीव फारच जाचक. इथल्या कित्येक घरांतली एक पाती गिरणीच्या दिवसांत मुंबईला गेली, तिथेच राहिली. गावची जमीन सामाईक, आणि उताऱ्यावर अजून आजोबांचे नाव. तलाठ्याला गाव तोंडपाठ असे, तेव्हा कुंडलिकेकाठच्या चुलत्याचा निरोप परळच्या पुतण्याला कसाबसा पोहोचे. (हाच तलाठी मनात आणील तर निरोप दाबूही शके, हेही विसरता कामा नये.) आज्ञावलीला मात्र केवळ पंधरा दिवस मोजता येतात. नोटिशी ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर दिसतात खऱ्या, पण आपल्या हिश्शावर नोंद पडली आहे अशी शंका ज्याला आली, तोच तिथे डोकावणार.

याची जाण खात्याला नाही असे नव्हे. हस्तलिखित उतारे संगणकात शिरले तेव्हा खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज गटाच्या एकूण क्षेत्राशी जुळेना. म्हणून २०१७ मध्ये गावोगाव चावडीवाचन झाले आणि कलम १५५ खाली दुरुस्त्या करण्यात आल्या. आकड्यांची चूक यंत्राने स्वतः दाखवून दिली, म्हणून ती सुधारता आली. न पोहोचलेली नोटीस यंत्राला दिसत नाही; त्याच्या लेखी हरकत आली नाही, एवढेच. मग मुदत उलटते, नोंद प्रमाणित होते आणि मुंबईच्या वारसाला प्रांताधिकाऱ्यांकडे अपिलात जावे लागते. तोवर जमीन कदाचित आणखी दोघांच्या नावे फिरलेली असते. सातबाऱ्याला पत्ता आणि भ्रमणध्वनीचा रकाना जोडणे हे संगणकतज्ज्ञांच्या दृष्टीने किरकोळ काम. तो भरण्यासाठी मृत खातेदारांच्या वारसनोंदी आधी उरकाव्या लागतील, आणि ते काम गावात जाऊनच करावे लागेल.