चाल राहिली, शब्द गेले
मॉरिसव्हिलजवळ आयरिश-स्कॉटिश गाण्याबजावण्याची दुपार असली, तर तुम्ही नक्की जा. वादक गोल करून बसतात. समोर कागद नसतो, सगळं ऐकून शिकलेलं. एकानं फिडलवर चाल धरली की बाकीचे त्यात मिसळतात. अगदी आपल्या भजनासारखं! त्यांचं बोधरान तर डफाचं भावंडच. त्यालाही बकरीचं कातडं असतं.

18व्या शतकात स्कॉटलंडहून पुष्कळ लोक नॉर्थ कॅरोलायनात आले. त्यांच्या चाली टिकल्या, पण गेलिक भाषा इथल्या घरांतून हळूहळू गेली. मला हे खटकतं. नुसती चाल पुरे, असं काहीजण म्हणतात. मला नाही पटत. आजीची ओवी तुम्हाला गुणगुणता येते ना? मग या रविवारी तिला फोन करा आणि शब्दही विचारून घ्या.