परतावा आला, पण पुरता आला का?

न मागितलेला विमा क्रेडिट कार्डाला चिकटवायचा आणि तक्रार येताच नुसता हप्ता परत करून उपकार दाखवायचे, हा शुद्ध लुच्चेपणा आहे. बांधवांनो, हिशेब मांडा! सप्टेंबर २०२५ पूर्वी ५०० रुपयांच्या हप्त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ५९० कापले जात. दहा महिन्यांचे ५,९००. बँकेने ५,००० दिले, तर ९०० कुठे गेले? बिल थकले असेल तर त्या रकमेवर चढलेले व्याज वेगळेच. स्पष्ट संमतीविना विमा नको, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच बजावले आहे. लेखी हिशेब मागा. ३० दिवसांत दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे शुल्क नाही. हे हक्काचे पैसे आहेत, खैरात नव्हे!