निनावी विमाने आणि नामधारी सार्वभौमत्व

लखनौच्या अमौसी विमानतळावर उतरणाऱ्या प्रत्येक नागरी विमानाच्या अंगावर काही अक्षरे रंगवलेली असतात. विमान भारतीय असेल तर त्या अक्षरांचा आरंभ 'व्हीटी'ने होतो. ही अक्षरे शोभेसाठी नसतात. आंतरराष्ट्रीय उड्डाण करणाऱ्या विमानाने आपले राष्ट्रीयत्व व नोंदणीची खूण अंगावर बाळगलीच पाहिजे, असा दंडक 1944 च्या शिकागो कराराच्या विसाव्या कलमाने घातला आहे. ज्या देशावरून जायचे त्याच्या परवानगीवाचून युद्धसामग्री नेता येणार नाही, असे त्याच कराराचे पस्तिसावे कलम सांगते. तेव्हा एखाद्या विमानतळाच्या कोपऱ्यात नाव-क्रमांक नसलेले विमान उभे दिसले आणि पाहणाऱ्याच्या मनात शंका आली, तर त्याला भित्रा किंवा अफवाखोर ठरविण्याचे कारण नाही. तो नागरिकाचे कर्तव्यच बजावत असतो.

परंतु आपल्या देशाचा अनुभव याहून अधिक गंभीर आहे. सर्वांत घातक विमान आले ते निनावी नव्हते. ते आपली खूण अंगावर मिरवीत आले, राजरोस उतरले, इंधन भरून घेऊन निघूनही गेले. त्याला कोणी काही विचारले नाही.

17 डिसेंबर 1995 रोजी लॅटव्हियात नोंदणी झालेले एक अँतोनोव्ह-26 जातीचे मालवाहू विमान कराचीहून वाराणसीच्या बाबतपूर विमानतळावर उतरले. तेथे इंधन घेऊन ते कलकत्त्याच्या दिशेने निघाले. वाटेत रात्रीच्या अंधारात त्याने पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यातील गावांवर शेकडो एके-47 रायफली, रॉकेट लाँचर, हातबॉम्ब आणि काडतुसांच्या पेट्या हवाई छत्र्यांनी खाली सोडल्या. नंतर ते विमान कलकत्त्याला उतरले, तेथेही त्याने इंधन घेतले आणि ते थायलंडकडे निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी हा मृत्यूचा माल प्रथम पाहिला तो शेतावर निघालेल्या गावकऱ्यांनी. देशाच्या आकाशाचे रक्षण करण्यासाठी पोसलेल्या सर्व यंत्रणांच्या आधी पुरुलियाच्या गरीब खेडुताला कळले की आपल्या देशात काहीतरी भयंकर घडले आहे!

यात कोणाचा दोष, हा प्रश्न निघाला की केंद्र राज्याकडे व राज्य केंद्राकडे बोट दाखवते, हा आपल्याकडचा शिरस्ता. या प्रकरणात तीही सोय नव्हती. ऑक्टोबर 1995 पासून उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट होती. लखनौच्या सचिवालयात लोकांनी निवडून दिलेले मंत्रिमंडळ नव्हते. तेथून चालणारा कारभार दिल्लीच्याच हुकमाचा होता. वाराणसीचा विमानतळही केंद्राच्या अखत्यारीतला. म्हणजे ज्या भूमीवर त्या विमानाने इंधन घेतले तेथे जमिनीपासून आकाशापर्यंत दिल्लीखेरीज दुसऱ्या कोणाचीही सत्ता नव्हती. लखनौला ज्या दिल्लीने मुके केले होते, त्याच दिल्लीचे डोळे बाबतपूरला मिटलेले राहिले.

ते नकळत मिटले असे म्हणावे, तर पूर्वसूचना आलेली होती. या व्यवहारातील ब्रिटिश शस्त्रदलाल पीटर ब्लीच याने आपल्या सरकारला आधीच माहिती दिली होती, ब्रिटिशांनी ती भारताला कळविली होती आणि नोव्हेंबर महिन्यातच ती आपल्या गुप्तचर यंत्रणेमार्फत गृहखात्याच्या टेबलावर पोहोचली होती. ज्योती बसूंच्या डाव्या आघाडी सरकारला सावध करणारे पत्र गृहखात्याने टपालाने रवाना केले. ते कलकत्त्याला पोहोचेपर्यंत शस्त्रे पडून गेली होती. संप मोडण्यासाठी ज्या सरकारचे बिनतारी संदेश क्षणार्धात जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचतात, त्याला या वेळी पोस्टमनच बरा आठवला!

या नाट्याचा पुढचा अंक मुंबईत घडला. 21 डिसेंबरच्या रात्री परतीच्या वाटेवरील तेच विमान हवाईदलाने अडवले आणि सहार विमानतळावर उतरवले. ब्लीच आणि पाच लॅटव्हियन कर्मचारी पकडले गेले. मात्र या कटाचा सूत्रधार म्हणवला गेलेला किम डेव्ही, खरे नाव नील्स होल्क, हा डॅनिश नागरिक विमानतळावरून बिनबोभाट निसटला. 2000 साली कलकत्त्याच्या न्यायालयाने पकडलेल्यांना जन्मठेप ठोठावली. त्याच वर्षी लॅटव्हियन कर्मचारी आणि 2004 मध्ये ब्लीच माफी मिळून घरी गेले. 2011 मध्ये डेव्हीने जाहीर मुलाखतीत सांगितले की, डावे सरकार उलथविण्यासाठी चाललेला हा सारा व्यवहार दिल्लीच्या संमतीने झाला. केंद्रीय अन्वेषण विभागाने ते नाकारले. ज्या आनंदमार्गासाठी शस्त्रे होती असे म्हटले गेले, त्या संघटनेनेही आरोप फेटाळले. डेव्हीला भारताच्या स्वाधीन करण्यास डेन्मार्कच्या न्यायालयांनी 2011 मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट 2024 मध्ये नकार दिला. एका फरारी आरोपीचा शब्द आम्ही प्रमाण मानत नाही. पण तो खोटा ठरविण्याचा एकच मार्ग आहे: सारी कागदपत्रे संसदेपुढे ठेवणे. तो मार्ग दिल्लीतील एकाही सरकारने धरलेला नाही, मग त्याचा झेंडा कोणत्याही रंगाचा असो.

ज्यांना ही केवळ बेफिकिरी वाटते त्यांनी त्याआधीचे आणि त्यानंतरचे दोन प्रसंग आठवावेत. जानेवारी 1991 मध्ये इराकवर बॉम्बवर्षाव सुरू असताना अमेरिकी लष्करी वाहतूक विमाने मुंबई, मद्रास आणि उत्तर प्रदेशातील आग्रा येथे इंधन भरत होती. चंद्रशेखर सरकारने दिलेल्या या परवानगीचा जनतेला पत्ता नव्हता. विमाने लोकांच्या नजरेस पडली, वृत्तपत्रांतून बोभाटा झाला, डाव्या पक्षांनी व इतरांनी आवाज उठवला आणि फेब्रुवारीत ही सोय बंद करावी लागली. पुढे 29 ऑगस्ट 2016 रोजी संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी वॉशिंग्टनमध्ये रसद-देवाणघेवाणीच्या करारावर सही केली. परस्परांच्या तळांवर इंधन व दुरुस्तीची सोय त्याने नियमित करून टाकली. तळ देणे यात नाही, प्रत्येक वेळी स्वतंत्र विचार होईल, असे सरकार सांगते. परंतु पंचवीस वर्षांपूर्वी जी गोष्ट उघडी पडताच सरकारला माघार घ्यावी लागली, तीच आज रीतसर कारभार म्हणून खपते. चोरी पकडली गेली म्हणून चोराने सुधारावे, तर येथे चोरवाटेलाच राजमार्ग म्हणून मान्यता मिळाली!

मग पहारा कोणी करायचा? याचे उत्तर युरोपातील काही छंदिष्टांनी दिले आहे. विमानतळाच्या कुंपणाबाहेर उभे राहून विमानांचे क्रमांक टिपून ठेवणे हा त्यांचा निरुपद्रवी छंद. जानेवारी 2004 मध्ये स्पेनमधील पाल्मा येथे टिपलेल्या एका बोइंग 737 च्या छायाचित्राने अमेरिकी हेरखात्याच्या गुप्त अपहरणांचा माग काढण्यास मदत झाली. खालिद अल-मसरी या निरपराध जर्मन नागरिकाला मॅसिडोनियातून अफगाणिस्तानच्या कैदखान्यात नेले ते याच विमानाने. 2012 मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. साध्या माणसाच्या वहीतील चार अक्षरे महासत्तेच्या गुपिताला भारी पडली. आपल्याकडे अशी वही बाळगणाऱ्याच्या डोक्यावर मात्र इंग्रजांनी 1923 साली केलेल्या शासकीय गुपिते कायद्याची तलवार टांगलेली असते.

कुंपणाबाहेरच्या नागरिकापेक्षाही अधिक पाहतो तो कुंपणाआतला कामगार. इंधनाची नळी जोडणारा, माल चढवणारा, रात्रपाळीत धावपट्टीलगत उभा असणारा. नोव्हेंबर 2020 मध्ये लखनौचा आणि जुलै 2021 मध्ये मुंबईचा विमानतळ अदानी समूहाच्या हाती गेला. लखनौचा तर पन्नास वर्षांसाठी. हवाई वाहतूक नियंत्रण व सुरक्षा अजून सरकारी यंत्रणांकडे आहे हे खरे. पण ज्याची नोकरी उद्या सकाळी कंत्राटदाराच्या एका शब्दाने जाऊ शकते, तो संशयास्पद पेटीकडे बोट दाखवील कसा? जागल्यांना संरक्षण देणारा 2014 चा कायदाही संमत होऊन वर्षानुवर्षे अंमलाविना पडून राहिला. कामगाराला असुरक्षित करणे म्हणजे देशाचा एक डोळा फोडणे होय.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. पुरुलिया प्रकरणाची सर्व कागदपत्रे संसदेपुढे ठेवा. परकीय लष्करी विमानांना दिलेल्या प्रत्येक सोयीची नोंद ठराविक मुदतीत लोकसभेला सादर करा. संशय नोंदवणाऱ्या विमानतळ कामगाराला, मग तो कायम असो वा कंत्राटी, कायद्याचे कवच द्या. आणि 1923 चा वसाहती कायदा रद्द करा.

फेब्रुवारी 2024 मध्ये भारतातील 11 बंदरांच्या गोदी कामगारांच्या वॉटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स फेडरेशनने जाहीर केले की, गाझात नरसंहार करणाऱ्या इस्रायलसाठी शस्त्रे आम्ही चढवणार नाही व उतरवणार नाही. पेटीत काय आहे हे विचारण्याचा हक्क त्यांनी कोणाकडे मागितला नाही, तो बजावला. बंदरात जे घडले ते विमानतळावरही घडू शकते. बाबतपूरच्या त्या संध्याकाळी इंधनाची नळी हाती असलेल्या एखाद्या कामगाराला, आतल्या पेट्यांत काय आहे, असे निर्भयपणे विचारता आले असते, तर पुरुलियाची रात्र उगवलीच नसती.