कापसाच्या वावरातले हजरत मुसा

दादी कापूस वेचायला जायची. संध्याकाळी बोंडांनी ओरखडलेल्या बोटांना तेल लावत ती आम्हाला हजरत मुसांची (अलै.) गोष्ट सांगायची. फिरऔन बुडाला की आम्ही टाळ्या पिटायचो.

पुढे वाचनात आले की हीच गोष्ट अमेरिकेतल्या कापसाच्या मळ्यांत राबणारे गुलाम गात होते. ‘गो डाऊन, मोझेस’मधले मोझेस म्हणजे आपले मुसाच. ओठांवर फिरऔन, मनात मळ्याचा मालक. गुलामांना सोडवून नेणाऱ्या हॅरिएट टबमन यांनाही लोक ‘मोझेस’च म्हणत. १८७१ मध्ये फिस्क विद्यापीठाचे ज्युबिली सिंगर्स हीच गीते गात फिरले आणि त्या पैशांवर अडचणीत आलेली संस्था सावरली. आणि पाहा, १८६१ ते ६५च्या यादवीत तिकडचा कापूस अडला, तेव्हा इंग्लंडच्या गिरण्या आमच्या वऱ्हाडाकडे वळल्या होत्या!

गोष्टीने कापसाला भाव मिळत नाही, हे मलाही कळते. आमच्या यवतमाळचे नाव देशाला शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे कळले. पण ज्याला सुटका कल्पनेतही दिसत नाही, तो ती मागणार तरी कशी?

आपल्या घरांत मात्र नबींचे किस्से आता प्रश्नोत्तरांसारखे पाठ करून घेतले जातात. समुद्र कोणासाठी दुभंगला? उत्तर एका ओळीत. दादी त्या समुद्रापाशी अर्धा तास थांबायची. पाण्याच्या दोन भिंतींमधून म्हातारी माणसं कशी चालली असतील, हे ती आम्हालाच विचारायची.