देह परदेशी, पगार स्वदेशी

परदेशी जाणे ही आमच्या समाजाला नवी गोष्ट नव्हे. १८६७ साली विरारहून मुंबईला आगगाडी धावू लागली आणि पुढे वसईच्या वाड्यांतली पाने, केळी, फुले व दूध तिच्यावर चढून शहरात जाऊ लागली. मालापाठोपाठ माणसेही नोकरीसाठी गेली. १९७० नंतर आखाताची वाट रुळली, कुणी जहाजावर गेले, आणि मग कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड ही नावे घरोघरी परिचयाची झाली. त्या जाण्यात दुःख होते, पण सरळपणाही होता. भाकरी जेथे होती तेथे माणूस गेला, आणि तो गेला हे साऱ्या गावाला ठाऊक होते.

आज आम्हांला ज्या प्रकाराविषयी लिहायचे आहे, त्यात हा सरळपणा उरलेला नाही. मार्च २०२० मधील टाळेबंदीने कचेऱ्या घरात आणल्या. साथ ओसरली, तरी अनेकांचे काम घरूनच चालू राहिले. मग विचार निघाला की, काम संगणकावरच करायचे, तर वसईतच कशाला बसायचे? नोकरी मुंबईची वा पुण्याची, पगारही तेथलाच. बिऱ्हाड मात्र लिस्बनला, टोरांटोला किंवा दुबईला! पत्नी शिकायला कॅनडात जाते, पती आपली येथली नोकरी संगणकासकट सोबत नेतो. गावात मोठ्या कौतुकाने सांगितले जाते, “नोकरी सोडलेली नाही हो, फक्त जागा बदलली!” अशा काही जणांनी हे आपल्या मालकाला कळविलेलेही नसते.

या “फक्त” शब्दाला आमचा आक्षेप आहे. जागा बदलणे ही किरकोळ बाब आहे, हा समजच मुळात खोटा आहे.

पहिला युक्तिवाद असा केला जातो की, काम वेळेवर होते ना, मग मालकाला माणूस कोठे बसला आहे याच्याशी काय कर्तव्य? कर्तव्य आहे, आणि ते मोठे आहे. कायदा माणसाच्या संगणकाला ओळखत नाही; त्याचा देह कोठे आहे हे पाहतो. भारताने कॅनडा, पोर्तुगाल आदी देशांशी दुहेरी कर टाळण्याचे करार केलेले आहेत. त्यांतले साधारण तत्त्व असे की, प्रत्यक्ष काम ज्या भूमीवर होते, तिला त्या पगारावर कर लावता येतो. अल्प मुक्कामाला ठराविक अटींवर सूट मिळते. शिवाय कंपनीचा माणूस परक्या देशात कायम बसून तिचा व्यवसाय करू लागला, तर त्या देशात कंपनीचेच ठाणे आहे असे तेथले सरकार मानू शकते, आणि मग कंपनीच्या नफ्यावरही हक्क सांगू शकते. मुलाने गुपचूप केलेल्या या प्रवासाचा बोजा असा मालकावर पडतो. ज्याच्या मिठावर आपले घर चालते, त्याला न विचारता त्याच्या गळ्यात हे लोढणे बांधणे कोणत्या नीतीत बसते?

दुसरा युक्तिवाद दुबईच्या नावाने होतो. तेथे पगारावर आयकर नाही, म्हणून कमाई सगळी आपलीच! अशांनी २०२० चा भारताचा वित्त कायदा एकदा वाचावा. ज्या भारतीय नागरिकाचे भारतातून होणारे उत्पन्न १५ लाखांहून अधिक आहे आणि ज्याला निवासामुळे अन्य कोणत्याही देशात कर भरावा लागत नाही, तो येथला रहिवासीच समजला जाईल, अशी तरतूद तेव्हा करण्यात आली. तेव्हा करातून पळण्याची ही वाट वाटते तेवढी मोकळी नाही.

तिसरा युक्तिवाद प्रवेशपत्राचा. “आता सरकारेच बोलावत आहेत,” असे सांगतात. खरे आहे. पोर्तुगालने ३० ऑक्टोबर २०२२ पासून दूर राहून काम करणाऱ्यांसाठी वेगळा व्हिसा सुरू केला. परंतु त्यासाठी मासिक उत्पन्न तेथील किमान वेतनाच्या चौपट असावे लागते. २०२५ साली ते किमान वेतन ८७० युरो होते. म्हणजे तेव्हा ३४८० युरो हवे होते, आपले तीन लाखांहून अधिक रुपये! आमच्या किती तरुणांना मुंबईची कंपनी महिन्याला एवढा पगार देते? शिवाय परदेशी मालकाकडे नोकरी असल्याचा कागद लागतोच. चोरून तो कसा मिळणार? कॅनडात पाहुणा म्हणून राहून परदेशी मालकाचे काम करता येते, पण एका वेळी सहसा सहा महिन्यांपर्यंत. पाहुणेपण आणि संसार यांत फरक आहे. सहा महिन्यांच्या परवान्यावर मुलांची शाळा, म्हाताऱ्या आईबापांचा आधार आणि स्वतःचे आयुष्य उभे करणे म्हणजे भरतीच्या रेषेवर घर बांधणे होय.

राहिला आजाराचा प्रश्न. कंपनीच्या सामूहिक आरोग्यविम्याचे संरक्षण बहुतेक वेळा भारतातल्या उपचारांपुरतेच असते. सामाजिक सुरक्षेबाबत भारत आणि पोर्तुगाल यांचा करार २०१७ पासून अमलात आहे. पण त्याचा लाभ मालकाने रीतसर पाठविलेल्या माणसाला मिळतो. ज्याने मालकाला सांगितलेच नाही, त्याला येथल्या भविष्यनिर्वाह निधीच्या कचेरीतून दाखला कोण मिळवून देणार? परक्या मुलखात अपघात झाला, तर दोन्ही देशांच्या नोंदींत तो नको त्या ठिकाणी सापडलेला माणूस ठरतो. दोन डगरींवर हात ठेवणाऱ्याची गत याहून वेगळी काय होणार?

काही जण व्हीपीएन नावाच्या सोयीने आपण नायगावला किंवा नालासोपाऱ्यालाच बसलो आहोत असे कंपनीच्या यंत्राला भासवितात. येथे आम्ही कायद्याची भाषा बाजूला ठेवून आपल्या श्रद्धेची भाषा बोलतो. खोट्या साक्षीविरुद्धची आठवी आज्ञा फक्त न्यायालयाच्या पिंजऱ्यापुरती आहे काय? दररोज सकाळी कामावर हजेरी लावताना आपण कोठे आहोत याविषयी असत्य सांगणे ही रोजची खोटी साक्ष आहे. रविवारी मिस्सेला जाऊन सोमवारी ती पुन्हा देता येत नाही.

ख्रिस्तसभेचा स्थलांतराला विरोध आहे असे मात्र कोणी समजू नये. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या श्रमविषयक परिपत्रकात मायभूमी सोडण्याचा आणि तिच्याकडे परतण्याचाही माणसाचा हक्क मान्य केला. त्याचबरोबर मागे राहिलेल्या देशाची त्यात हानी होते, हेही सांगितले. पोप फ्रान्सिस यांनी २०२३ च्या स्थलांतरितांच्या दिनासाठी विषय निवडला तो जाण्याच्या वा राहण्याच्या स्वातंत्र्याचा. संत पौल राहुट्या बनविण्याचे आपले कसब घेऊन करिंथला गेला. पण तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी उघडपणे राहिला, त्याच नगरात घाम गाळला आणि तेथल्या मंडळीचा झाला. आमच्या या नव्या प्रवाशाचे काय होते? मुंबईची सकाळ साडेनऊची, तेव्हा लिस्बनमध्ये पहाटेचे चार किंवा पाच वाजलेले असतात. टोरांटोत तर मध्यरात्र असते. तो झोपतो तेव्हा शेजारी जागे असतात आणि शेजारी झोपतात तेव्हा तो जागा असतो. तेथल्या धर्मग्रामाला तो परका, आणि येथल्या धर्मग्रामाच्या दृष्टीने तर तो “गेलेलाच नाही”!

हेच आम्हांला सर्वांत अधिक सलते. आखातात गेलेल्या मुलाच्या आईकडे शेजारी लक्ष ठेवीत, सणाला तिला बोलावीत, कारण मुलगा दूर आहे हे सर्वांना माहीत असे. ज्याच्या जाण्याला घरच्यांनी जाणेच म्हटले नाही, त्याच्या आईची विचारपूस कोण करणार? तिच्या औषधाची, वाडीच्या पाण्याची, सातबाऱ्यावरल्या वादाची जबाबदारी कोणावर? आपल्याकडे निघणारा माणूस “जातो” म्हणत नाही, “येतो” म्हणतो. हा शब्द परतीचे वचन देणारा आहे. जो निघाल्याचेच कबूल करीत नाही, तो असे वचन तरी कशाचे देणार?

येथे राहून सुख आहे, असा आमचा दावा नाही. पाण्याची टंचाई, खचाखच भरलेली गाडी, वाड्या गिळीत चाललेल्या इमारती आम्हीही पाहतो. या कारणांसाठी कोणाला जावेसे वाटले, तर त्याला दोष देणार नाही. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गाडी धरण्यासाठी पहाटे घर सोडणाऱ्या आमच्या आजोबांना निवड नव्हती. आज ज्याचे काम त्याच्या ओटीवर येऊन बसले आहे, त्याला ती आहे. त्याचे जाणे पोटासाठी नाही, स्वतःच्या इच्छेने आहे. आणि इच्छेने केलेल्या गोष्टीचा जाब द्यावा लागतो.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. ज्याला जायचे आहे, त्याने आपल्या मालकाला लेखी विचारावे आणि उत्तरही लेखी घ्यावे. नकार आला, तर येथे राहावे किंवा नोकरी सोडून तेथे रीतसर दुसरी धरावी. दोन्ही देशांच्या कराचा हिशेब निघण्यापूर्वी जाणकाराकडून करून घ्यावा, विमा पाहावा, व्हिसा ज्या कामासाठी मिळतो त्याच कामासाठी घ्यावा. धर्मग्रामांच्या युवक संघटनांनी परदेशी शिक्षणाची मार्गदर्शन शिबिरे भरविताना एक सत्र या प्रश्नालाही द्यावे; सनदी लेखापाल आणि वकील आपल्याच समाजात आहेत. आणि आईबापांनी गावात सांगताना “फक्त जागा बदलली” असे म्हणू नये. मुलगा परदेशी गेला आहे, असे म्हणावे. खरे सांगितले, म्हणजे शेजारीही दार वाजवतील.