सही केली होती ना?

वऱ्हाडात सावकाराकडे शेत गहाण पडले असे आपण म्हणतो खरे. पण कागदावर गहाण हा शब्द बहुधा नसतोच. असते ते खरेदीखत. पैसे फेडले की शेत उलटून देऊ, हे वचन तोंडी, किंवा फार तर निराळ्या कागदावर. पुढे अकोल्याच्या वा अमरावतीच्या कचेरीत वाद उभा राहिला की सुशिक्षित माणूस एकच प्रश्न विचारतो : सही केली होती ना?

हा प्रश्न निरागस नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५८ मध्ये १९२९ साली दुरुस्ती झाली. परतीची अट त्याच खतात नसेल, तर व्यवहार सशर्त विक्रीचे गहाण मानायचा नाही, असे ठरले. हेतू वाद कमी करण्याचा असेल. परंतु खत लिहून घेतो कोण? ज्याला बियाण्यासाठी मिरगाआधी पैसे हवे आहेत, तो की ज्याच्या तिजोरीत ते आहेत तो? लेखणी एकाच्या हाती देऊन अक्षरांची जबाबदारी दुसऱ्यावर टाकायची, याला न्याय म्हणत नाहीत.

म्हणूनच २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाचे कलम १८ मोलाचे आहे. सावकारीच्या ओघात बळकावलेली स्थावर मालमत्ता, मग ती खरेदीखताने का असेना, चौकशीअंती परत देण्याचा आदेश जिल्हा निबंधक देऊ शकतो. कागदाच्या पाठीमागे पाहण्याची मुभा कायद्यानेच दिली. यावर काही जण म्हणतात की, अशाने कराराचे पावित्र्य संपेल. मुद्दलाहून अधिक व्याज नको, हे सांगणारी दामदुपट आपल्या धर्मशास्त्रात होती. तिने करार मोडले नाहीत. लोभाला कुंपण घातले.

पण मुभा असणे आणि ती वापरता येणे यांत अंतर आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगावचे उदाहरण घ्या. तिथल्या एका आमदाराच्या सावकार कुटुंबाविरुद्ध तक्रार नोंदवण्यात मुख्यमंत्री कार्यालयातून अडथळा आला. तेव्हा विलासराव देशमुख मुख्यमंत्री होते. डिसेंबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या हस्तक्षेपाबद्दल राज्य शासनाला १० लाखांचा भुर्दंड लावला. साधी तक्रार नोंदवून घेण्यासाठी दिल्ली गाठावी लागत असेल, तर कलमांचे गोडवे कुणी गावेत? शिवाय कलम १८ ची मर्यादा १५ वर्षांची. २००५-०६ च्या आत्महत्यांच्या काळात ज्यांनी सह्या केल्या आणि भीतीपोटी अर्ज केला नाही, त्यांना हे दार आता बंद आहे. भीतीने गप्प बसलेली वर्षे मुदतीत मोजावीत, हे मला मान्य नाही. ही मर्यादा उठवलीच पाहिजे.

आणि बँका? बँकिंग विनियमन कायद्यातले कलम २१-अ तर सांगते की, व्याज अवाजवी आहे एवढ्या कारणाने न्यायालयाने बँकेचा व्यवहार पुन्हा उघडू नये. म्हणजे सावकाराच्या वहीत डोकावता येते, बँकेच्या नाही. तिथेही छापील अर्जाखाली सही असतेच.

आपल्या कथा-कादंबऱ्यांनी सावकार रंगवला तो मिशाळ, क्रूर, खलनायकी. वाचकाला त्याचा राग येतो आणि पुस्तक मिटले की तो निवळतो. खरा खलनायक खरेदीखताची ती संथ, सभ्य भाषा आहे : ‘राजीखुशीने, कोणाच्याही दबावाविना.’ साहित्य म्हणजे भाषेची पारख असेल, तर या वाक्याची समीक्षा आपण केव्हा करणार?