बंदूक ठेवलेल्या हातांना काय द्यायचे?



सुगी आटोपली की गावोगावच्या तरुण मंडळांचे सामने सुरू होतात आणि पारावरची वडीलधारी माणसे आपला ठरलेला प्रश्न विचारतात, "खेळून पोट भरते का?" प्रश्न खोटा नाही. ज्याच्या घरी सोसायटीचा हप्ता थकला आहे, त्याने तो विचारावाच. या खेपेला मी त्याचे उत्तर जरा लांबून, आफ्रिकेतील लायबेरिया या देशातून आणणार आहे. तेथे खेळाची कसोटी फार कठीण लागली. चौदा वर्षांच्या यादवीनंतर पोरांच्या हातातून बंदूक काढून घेतली. आता त्यांना माणसांत कसे आणायचे, हा तेथला प्रश्न होता.

लायबेरिया हा पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा छोटा देश. क्षेत्रफळ आपल्या महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडे जास्त, वस्ती पन्नास लाखांच्या घरात. अमेरिकेतून परत आलेल्या कृष्णवर्णीयांनी १८४७ मध्ये तेथे स्वतंत्र राज्य स्थापले. भात हे मुख्य अन्न, त्याच्या जोडीला कसावाचे कंद आणि नगदी पीक म्हणून रबर. पाऊस उदंड. राजधानी मोनरोव्हिया ही जगातल्या सर्वाधिक पावसाच्या राजधान्यांपैकी एक. म्हणजे देवाने पाण्याची कमतरता ठेवलेली नाही. पण १९८९ च्या डिसेंबरात यादवी पेटली, मध्ये दोन वर्षे थोडी निवली आणि पुन्हा भडकून २००३ च्या ऑगस्टमध्ये कराराने थांबली. सुमारे अडीच लाख माणसे गेली, असा अंदाज सांगितला जातो. देऊळ-चर्चही सुटले नाही. १९९० च्या जुलैत मोनरोव्हियातील सेंट पीटर्स ल्यूथरन चर्चमध्ये आसऱ्याला आलेल्या सुमारे सहाशे माणसांना सैनिकांनी मारले.

या युद्धाचे सर्वांत वाईट अंग म्हणजे त्यात पोरे लढली. चार्ल्स टेलर याच्या फौजेत तर लहान मुलांची वेगळी पलटणच होती. नशा द्यायची, हाती बंदूक द्यायची आणि पुढे पाठवायचे. शांतता झाल्यावर संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली लाखाहून अधिक लोकांनी नोंदणी करून शस्त्रे खाली ठेवली. त्यांत सुमारे ११ हजार मुले-मुली होत्या. मोठ्यांना दोन हप्त्यांत तीनशे डॉलर आणि काही शिक्षण देण्याची योजना होती. पैसे महिन्या-दोन महिन्यांत संपले. मागे राहिला तो विशी न गाठलेला तरुण. त्याला अक्षर येत नाही, औत धरता येत नाही, आणि गावात परत जावे तर ज्यांची घरे त्याने जाळली तेच शेजारी.

अशा पोराला उपदेश करायला गेलात तर तो ऐकत नाही. नोकरी द्यावी तर वेळेवर उठायची सवय नाही. पण चेंडू टाकला तर तो येतो. फुटबॉल हे त्या देशाचे वेडच आहे. मोनरोव्हियाच्या क्लारा टाउन या गरीब वस्तीत वाढलेला जॉर्ज वेआ १९९५ साली जगातला सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला. 'बॅलन डी'ओर' हा मान मिळवणारा तो आजवरचा एकमेव आफ्रिकन. देश जळत असताना राष्ट्रीय संघाच्या प्रवासाचा आणि गणवेशाचा खर्च त्याने स्वतःच्या खिशातून केला. झोपडीतल्या पोराला बंदुकीशिवायही नाव काढता येते, हे त्याच्याकडे पाहून कळत होते.

ख्रिस्ती संस्थांनी हीच नाडी ओळखली. डॉन बॉस्कोच्या सेलेशियन धर्मगुरूंनी नव्वदच्या दशकात, युद्ध पुरते शमले नसतानाच, मोनरोव्हियात 'बॉस्को युनायटेड स्पोर्ट्स असोसिएशन' उभी केली. रस्त्यावरची आणि लढाईतून आलेली पोरे फुटबॉलच्या संघांत घेतली आणि त्या वाटेने पुढच्या मदतीपर्यंत नेली. ल्यूथरन चर्चच्या मनोपचाराच्या कामात लेमा बोवी नावाची तरुण आई दाखल झाली आणि टेलरच्या फौजेतून सुटलेल्या पोरांसोबत काम करू लागली. पुढे २००३ मध्ये याच बाईने ख्रिस्ती आणि मुसलमान बायकांना पांढरे कपडे घालून एकत्र बसवले आणि शांततेचा करार करायला पुढाऱ्यांना भाग पाडले. २०११ चे शांततेचे नोबेल पारितोषिक तिघींना मिळाले, त्यांत ती एक. युद्धानंतर २००७ मध्ये 'लेसेस' ही संस्था निघाली. ती फुटबॉल आणि किकबॉल यांच्या मार्फत मुलांना वळण लावते. किकबॉल हा लायबेरियातल्या मुलींचा लाडका खेळ. चेंडू पायाने मारायचा आणि ठरलेल्या खुणांना शिवत धावायचे. या संस्थेत शिकवणारा हा नुसता खेळाचा शिक्षक नसतो. मुलांचा पाठीराखा म्हणून त्याला तयार केलेले असते.

ही रीत नवी नाही. जॉन बॉस्को हा इटलीतल्या शेतकऱ्याचा मुलगा. दोन वर्षांचा होण्याआधीच त्याचे वडील वारले. १८४१ मध्ये तो धर्मगुरू झाला आणि तुरिन शहरात आला. तेथे खेड्यांतून पोट भरायला आलेली पोरे कारखान्यांत राबत होती आणि काही तुरुंगात जात होती. त्याने त्यांना रविवारी जमवले, त्यांच्याबरोबर खेळला, प्रार्थना शिकवली. पण तेवढ्यावर थांबला नाही. पोरांना कामावर ठेवणाऱ्या मालकांशी लेखी करार केले, पुढे चांभारकाम, शिवणकाम, सुतारकाम यांच्या कार्यशाळा काढल्या. आपल्याकडे माटुंग्याचे डॉन बॉस्को विद्यालय पुष्कळांना ठाऊक आहे. गोव्यात केपे तालुक्यातील सुळकर्णे येथे २०१५ मध्ये त्याच परंपरेतले कृषी महाविद्यालय सुरू झाले. आणि आपल्या गावच्या मैदानावर जाळी बांधून जो व्हॉलीबॉल खेळतात, तोही १८९५ मध्ये अमेरिकेत वाय. एम. सी. ए. या ख्रिस्ती तरुण संघटनेच्या एका शिक्षकानेच शोधून काढला.

आता खेळाने नेमके होते काय, ते पाहू. काल जो शत्रूच्या टोळीत होता, तो आज त्याच रंगाचा सदरा घालून शेजारी उभा राहतो. त्याने चेंडू दिला नाही तर गोल होत नाही. फौजेत ज्याच्या हाती बंदूक त्याचा कायदा. मैदानावर पंचाची शिटी वाजली की दांडग्यालाही थांबावे लागते. हरलो म्हणून कोणी मरत नाही, पुढच्या आठवड्यात पुन्हा सामना असतो. सरावाची वेळ ठरलेली, म्हणून अंगाला वेळेची सवय लागते. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे रोज त्याच जागी तोच मोठा माणूस भेटतो. आज तू आला नाहीस, का आला नाहीस, असे विचारणारे कोणी तरी असते. ज्या पोराला वर्षानुवर्षे फक्त हुकूम देणारा भेटला, त्याला विचारपूस करणारा भेटणे ही लहान गोष्ट नव्हे.

पण मी विस्ताराच्या कामातला माणूस. एका सभेने किंवा एका शिवारफेरीने गाव सुधारले, असे मी कधी पाहिलेले नाही. खेळाचेही तसेच आहे. खेळाने जमिनीला वाफसा येतो, पण वाफशावर पेरणी केली नाही तर तेथे तणच माजते. याचा पुरावाही लायबेरियातूनच मिळतो, आणि तो आपल्या शेतीच्या धंद्यातला आहे.

बॉंग जिल्ह्यात तुमुटू येथे एका बिगरधार्मिक संस्थेने जुन्या लढवय्यांना निवासी शेतीशाळेत घेतले. भात, भाजीपाला, जनावरे, सोबत समुपदेशन, आणि शेवटी बियाणे व अवजारे. ही माणसे त्याआधी चोरून रबराचा चीक काढणे, बेकायदा खाणीत खणणे असली कामे करत होती. ब्लॅटमन आणि अ‍ॅनन या अभ्यासकांनी हजारावर तरुणांचा पाठपुरावा केला. चौदा महिन्यांनी असे दिसले, की शाळेत गेलेले लोक शेतीत जास्त राबत होते आणि बेकायदा कामांवरचे त्यांचे तास सुमारे २० टक्क्यांनी घटले होते. त्याच सुमारास शेजारच्या आयव्हरी कोस्टमध्ये लढाई भडकली होती आणि भाडोत्री सैनिक गोळा केले जात होते. तिकडे जाण्याची या लोकांची ओढही कमी झाली. त्यातही एक बारकावा आहे. काहींना अवजारे वेळेवर मिळाली नव्हती, त्याबदली पैसे पुढे मिळायचे होते. युद्धापासून सर्वांत दूर राहिले ते हेच. पुढे काही मिळणार आहे, या भरवशाने माणूस जागेवर राहतो. आशा म्हणतात ती हीच.

दुसरा अभ्यास मोनरोव्हियातला. चोऱ्या, मारामाऱ्या, नशेची विक्री यांत अडकलेल्या ९९९ तरुणांवर तो झाला. आठ आठवडे लहान गटांत बसून राग कसा आवरायचा, उद्याचा विचार कसा करायचा, हे शिकवले. शिकवणारे स्वतः त्याच चिखलातून वर आलेले. केस कापून, स्वच्छ कपडे घालून बँकेत आणि दुकानात जाऊन यायचे, हाही गृहपाठ होता. काहींना दोनशे डॉलरचे भांडवल दिले. नुसते पैसे मिळालेल्यांचा फायदा टिकला नाही. नुसते शिक्षण मिळालेल्यांवरचा परिणामही हळूहळू ओसरला. ज्यांना दोन्ही मिळाले, त्यांच्यातला बदल दहा वर्षांनंतरही दिसत होता.

म्हणजे खेळाने जमवावे, माणसाने जोडावे आणि कामाने रुजवावे. या तिन्हींपैकी एक गाळले की बाकीचे वाया जाते.

दोन गोष्टी आणखी सांगितल्या पाहिजेत. पहिली अशी, की मदतीच्या बदल्यात धर्माची अट घालू नये. लायबेरियात ख्रिस्ती बहुसंख्य असले तरी मुसलमानही आहेत, आणि बायकांनी शांतता मिळवली ती दोघींनी मिळून. भुकेल्या पोरापुढे ताट वाढताना त्याची प्रार्थना विचारली, तर ते अन्न उरत नाही, सौदा होतो. दुसरी अशी, की मैदानावरची दोस्ती म्हणजे न्याय नव्हे. टेलरला ५० वर्षांची शिक्षा झाली ती शेजारच्या सिएरा लिओनमधील गुन्ह्यांबद्दल. लायबेरियातील अत्याचारांसाठी न्यायालय उभारण्याचा आदेश निघायला २०२४ साल उजाडले. ज्यांची माणसे गेली त्यांना, झाले गेले विसरा, असे सांगण्याचा अधिकार कोणत्याही खेळाला किंवा प्रवचनाला नाही.

संकटेही संपली नाहीत. २०१४ मध्ये इबोलाची साथ आली, फुटबॉल बंद ठेवावा लागला, आणि साथीत ४८०० च्या वर माणसे दगावली. युद्ध न पाहिलेली नवी पिढी आता नशेच्या तोंडी सापडली आहे. जानेवारी २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्षांना अमली पदार्थांविरुद्ध आणीबाणी जाहीर करावी लागली. म्हणजे काम पुन्हा पहिल्यापासून. शेतीत तरी एकदा खुरपले म्हणून तण कायमचे कुठे जाते?

तरी पण फरक पडला आहे. जानेवारी २००७ पासून ९ वर्षे आपल्या केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या महिलांची तुकडी तेथे शांतिरक्षणाला होती. २०१६ मध्ये ती परतली आणि २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांची सारी फौज निघाली. त्या साली तोच फुटबॉलपटू वेआ राष्ट्राध्यक्ष झाला. २०२३ च्या निवडणुकीत तो दीड टक्क्याहून कमी मतांनी हरला. अंतिम निकाल जाहीर होण्याआधीच त्याने हार मानली आणि विजेत्याचे अभिनंदन केले. त्याच्या कारभाराबद्दल टीका करणारे पुष्कळ आहेत. पण ज्या देशात खुर्चीसाठी चौदा वर्षे गोळ्या चालल्या, तेथे पराभूत माणूस निमूटपणे घरी गेला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. हरणे शिकावे लागते, आणि ते लहानपणी मैदानावरच सोपे जाते.

तेव्हा पारावरच्या प्रश्नाचे उत्तर असे, की खेळून पोट भरत नाही. पण ज्याचे मन ठिकाणावर नाही त्याच्या हाती कुदळ दिली तरी त्याचे पोट भरत नाही. तुमच्या गावात सामने होत असतील तर नुसती ढाल आणि बक्षिसाची रक्कम ठेवून मोकळे होऊ नका. मंडळातला एक जाणता माणूस नेमा. कोणता पोरगा यायचा बंद झाला, त्याची चौकशी त्याने घरी जाऊन करावी. संघात सर्व वाड्या-वस्त्यांची पोरे मुद्दाम मिसळून घ्या. मुलींसाठी आठवड्यातले दोन दिवस मैदान राखून ठेवा. आणि सामना संपल्यावर त्याच पोरांना रोपवाटिका, ठिबकची दुरुस्ती, ट्रॅक्टरचे काम, असे एखादे कसब शिकवण्याची सोय करा. आपल्याकडे युद्ध नाही, हे आपले भाग्य. पण रिकामा बसलेला, कोणी विचारत नाही असा पोरगा प्रत्येक गावात आहे. त्याच्याकडे कोणीतरी वेळेत पोचले पाहिजे.